ऐकणारा नट

नागपूरच्या बर्डीवर एखाद्या चहाटपरीपाशी उभे राहा आणि दोन मित्रांच्या बोलण्याकडे कान द्या. ‘घरी जाऊन राहिला का बे?’ ‘हो नं बे.’ प्रश्न कधी संपला आणि उत्तर कधी सुरू झालं, कळतही नाही. २००९मध्ये जगातल्या दहा भाषांमधल्या अशा हो-नाहीच्या प्रश्नांचा अभ्यास झाला. प्रश्न आणि उत्तर यांमधलं अंतर सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा भरलं. गंमत अशी, की चित्रातल्या साध्या वस्तूचं नाव उच्चारायलाही आपल्याला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मग उत्तर इतक्या लवकर येतं कसं?

येतं, कारण वाक्य संपायची वाट आपण पाहतच नाही. ते कुठल्या दिशेनं चाललंय ते ताडत, ऐकता ऐकताच उत्तर जुळवतो. समोरचा अजून बोलत असतो आणि इकडे श्वास आत घेतला जातो, भुवई हलते, ओठ किंचित उघडतात.

नटाची पंचाईत इथेच होते. त्याला उत्तर पाठ असतं, प्रश्नही पाठ असतो. कानांना काम उरत नाही. मग तो फक्त ‘क्यू’ची, म्हणजे समोरच्याच्या शेवटच्या शब्दाची, वाट पाहत उभा राहतो. शब्द पडला की श्वास, भुवई, ओठ सगळं एकदम जागं होतं. वाक्य बिनचूक, आवाज खणखणीत. तरी शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही काहीतरी खोटं वाटतं. चुकलेलं असतं ते वाक्याच्या आधीचं ऐकणं.

नागपूरच्या पूर्वेला, झाडीपट्टीत, दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं रंगतात. तिथे पुस्तक घेऊन बसलेला प्रॉम्प्टर हा मोठा आधार. म्हणजे नटाचा एक कान प्रॉम्प्टरकडे आणि दुसरा सहकलाकाराकडे. स्वतःचं वाक्य एकाकडून उचलायचं, पण त्याचा राग किंवा कळवळा मात्र दुसऱ्याच्या बोलण्यातून आलेला दिसला पाहिजे!

नाट्यशास्त्रातलं ‘आकाशभाषित’ तर याही पुढचं. रंगमंचावर एकटाच नट. तो शून्याकडे पाहून ‘काय म्हणतोस?’ विचारतो, न आलेला आवाज ऐकतो आणि त्याला उत्तर देतो. ऐकणं खरं असेल, तर समोर कुणी नसूनही प्रेक्षकाला तिथे माणूस दिसतो.

नागपूरकर महेश एलकुंचवार यांच्या १९८५च्या ‘वाडा चिरेबंदी’त नेमकं उलटं घडतं. विचारणारी समोर आहे आणि ज्याला विचारायचं तोच नाही. घरचा कर्ता वेंकटेश गेलाय, आणि त्याची म्हातारी आई, दादी, त्यालाच हाक मारून पुन्हापुन्हा वेळ विचारते. तालमींपासून नटांनी तो प्रश्न कितीदा ऐकलेला असेल! तरी आज रात्री तो नव्यानं कानावर पडला पाहिजे. वेंकटेशच्या सुनेच्या वेगळा, नातवाच्या वेगळा, मुंबईहून आलेल्या त्याच्या मुलाच्या आणखी वेगळा. कुणी हातातलं काम थांबवतं, कुणी मान वळवत नाही. दादीला किती वाजले ते कळो न कळो, वाड्यात केवढी पोकळी पडलीय ते आपल्याला कळतं. तेही कुणी त्याबद्दल एक शब्द न बोलता.