गवई आणि त्याचे सोबती

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालेल्या रस्त्यावर, शहराला जवळजवळ खेटून वसलेले लोहारा हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वांस परिचित असले, तरी विदर्भातील गावांचे अंतरंग कारखान्यांच्या भोंग्यांवरून उमगत नाही. त्यासाठी सायंकाळी देवळापुढे बसणाऱ्या भजनी मंडळाचा सहवासच घडावा लागतो. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापून खंजिरीचा नाद आपल्या प्रांताच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविला, आणि त्यांच्या पुण्यतिथीच्या महोत्सवास गावोगावची मंडळे दरवर्षी तेथे जमू लागली. अशा मेळाव्यात किंवा तालुक्याच्या भजनस्पर्धेत मंडळास जी काही मिनिटे लाभतात, तेवढ्यातच त्यांना अनोळखी श्रोत्यांपुढे आपले गुण सिद्ध करावयाचे असतात. टाळ्या पडतात त्या मुख्य गायकाला. परंतु पेटी कोणी वाहून आणली, गाडीभाड्याची तजवीज कोणी केली, तबलजी ऐनवेळी आजारी पडला तेव्हा शेजारच्या गावाहून दुसरा कोणी आणला, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. गायकाची कीर्ती ज्या अनामिक स्नेह्यांच्या खांद्यांवरून गावाबाहेर पडते, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

याच दारव्ह्यावरून पुढे जाणारी आणि लोकांनी प्रेमाने ‘शकुंतला’ म्हटलेली अरुंद मापाची आगगाडी ज्या मूर्तिजापुरास जाऊन थांबे, त्या गावी २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला. आईने अत्यंत कष्टाने त्यांना नागपुरात वाढविले; शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले; भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’ या १९३५ च्या चित्रपटात त्यांनी बालकृष्णाची भूमिका केली; पुढे लाहोरास असद अली खाँ यांच्याकडून मारवा आणि पुण्यात सुरेशबाबू माने यांच्याकडून किराणा घराण्याची तालीम मिळाली. इतकी विद्या पदरी असलेला हा पुरुष दोन दशकांहून अधिक काळ लष्करी हिशेबाच्या कचेरीत आकडेमोड करीत राहिला. गायनाने घर चालेल अशी खात्री त्या काळी फार थोड्यांना होती, आणि वसंतरावांची गायकी कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत बसत नसल्यामुळे परंपरेच्या पहारेकऱ्यांकडून तिला सहजासहजी मान्यता मिळण्याचाही संभव नव्हता. त्यातच बदलीचा हुकूम निघून त्यांना नेफाच्या दुर्गम सीमाप्रदेशात जावे लागले.

या दीर्घ प्रतीक्षेत त्यांना धरून ठेवले ते मित्रांनी. पु. ल. देशपांडे यांचे नाव त्यांत सर्वांआधी घ्यावे लागते. पु.लं.नी लिहून आणि बोलून महाराष्ट्राला या गायकाची ओळख करून दिली, हे तर झालेच. पण मला त्याहून मोठे वाटते ते हे की, स्वतः लोकप्रियतेच्या शिखरावर असलेला हा लेखक पेटी घेऊन वसंतरावांच्या साथीस बसत असे. साथीला बसणे म्हणजे दुसऱ्याच्या सुराखाली आपला सूर ठेवणे. ज्याच्या एका शब्दासाठी सभागृहे भरत, त्याने मित्राच्या तानेची वाट पाहत पेटीवर बोटे ठेवून बसावे, यात मैत्रीचे जे दर्शन घडते ते शिफारसपत्राच्या शंभर ओळींतही घडणार नाही.

अखेर नोकरी सोडून वसंतराव पूर्णपणे गायनाकडे वळले. २४ डिसेंबर १९६७ रोजी ‘नाट्यसंपदा’ने ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगमंचावर आणले. नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत गोव्याच्या जितेंद्र अभिषेकींचे, निर्मिती प्रभाकर पणशीकरांची आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव. त्यावेळी त्यांचे वय सत्तेचाळीस होते. मूर्तिजापूरच्या या गवयाचा आवाज घरोघरी पोहोचण्यास अर्धे आयुष्य जावे लागले. आणि पोहोचला तेव्हा तो एका नाटककाराने, एका संगीतकाराने आणि एका निर्मात्याने आपापली प्रतिष्ठा पणास लावून पोहोचविला.

नवा कलाकार लोकांपुढे कसा येतो, याची रीत सामान्य वाचकास बहुधा ठाऊक नसते. मोठ्या संगीत संमेलनात ज्येष्ठ गवयाचे गायन अखेरीस ठेवण्याचा शिरस्ता आहे. नवोदिताला प्रारंभीचा थोडका वेळ मिळतो, जेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि ध्वनिक्षेपकही पुरता जुळलेला नसतो. अशा वेळी पुढच्या ओळीत बसलेले दहा-पंधरा जाणते मित्र त्या गायकाचे भाग्य घडवू शकतात. त्यांची योग्य जागी आलेली दाद ऐकून मागचे लोक सावरून बसतात, गायकाचा कंठ मोकळा होतो, आणि आयोजकही पुढच्या वर्षासाठी ते नाव मनात टिपून ठेवतात. खोटी दाद मात्र गायकाला घातक ठरते. चुकलेल्या समेवर मान डोलावणारा मित्र त्याचे अहितच करीत असतो.

गुरुभक्तीतून उभा राहिलेला एक मोठा मंच म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव होय. १९५२ साली सवाई गंधर्व निवर्तले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. स्वतःच्या गायनाने भारतभर गाजत असताना भीमसेनजी या उत्सवाच्या व्यवस्थेत स्वतः राबत, आणि अनेक तरुण गायकांना तेथे प्रथमच हजारो श्रोत्यांचे दर्शन घडले. पूर्वी हा उत्सव रात्रभर चाले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आल्यापासून ती रात्र आखूड झाली. रहिवाशांच्या झोपेचा प्रश्न रास्तच होता. तरीही वेळेची टंचाई होते तेव्हा काट बहुधा नवख्याच्या वाट्यालाच येते, याचे मला अतिशय वाईट वाटते.

वसंतरावांना १९८२ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ३० जुलै १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. नागपुरात त्यांच्या नावाचे सभागृह आहे आणि त्यांच्या स्मृत्यर्थ तेथे संगीत समारोहही भरतो. ज्या शहराने आईच्या कष्टांवर वाढलेला तो मुलगा पाहिला, त्या शहराने केलेला हा गौरव यथोचित आहे.

लोहाऱ्यातील आणि भोवतालच्या गावांतील वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या मंडळातली एखादी मुलगी किंवा मुलगा स्पर्धेस निघेल तेव्हा केवळ शुभेच्छा देऊन थांबू नका. गाडीत जागा असेल तर सोबत जा, तिकीट असेल तर ते विकत घ्या, आणि आपल्या मंडळाची पाळी झाली की उठून न जाता शेजारच्या गावाचे भजनही अखेरपर्यंत ऐका. आणि मंडळाच्या चालकांनी कार्यक्रमपत्रिका छापताना गायकाच्या नावाखाली पेटीवाल्याचे, तबलजीचे, टाळकऱ्यांचे आणि गाडी देणाऱ्याचे नावही अवश्य छापावे.