फुरशाचे विष आणि रक्तातील प्रथिने

मालवण-देवगडकडील जांभ्या दगडाच्या सड्यांवर तुम्ही फिरला असाल, तर फुरसे तुम्हांला ठाऊक असेल. जेमतेम हातभर लांबीचा हा साप दगडांच्या सांदीत बसतो आणि डिवचला की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात मारलेल्या फुरशांसाठी सरकार बक्षीस देत असे. मालवण आणि देवगड तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा 1981 साली झाला.

समजा, काजूच्या बागेत गवत काढताना कोणाच्या बोटाला फुरसे चावले. रुग्णालयात डॉक्टर त्याच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत ठेवतात आणि 20 मिनिटे नळीला हात लावत नाहीत. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. मग ती हळूच तिरपी करतात. निरोगी माणसाचे रक्त एवढ्या वेळात दह्यासारखे घट्ट होते. या रोग्याचे रक्त मात्र पाण्यासारखे वाहते. असे का होते?

याचे उत्तर रक्तातील प्रथिनांत आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते. ते गोठू न देता नळीत ठेवले, तर पेशी तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळा द्रव राहतो. हाच रक्तद्रव किंवा प्लाझ्मा. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि दर 100 मिलिलिटरमध्ये 6 ते 8 ग्रॅम प्रथिने असतात.

या प्रथिनांचे तीन मुख्य गट आहेत. निम्म्याहून अधिक वाटा अल्ब्युमिनचा. ते रक्तवाहिन्यांतील पाणी धरून ठेवते; ते फार कमी झाले, तर पाणी बाहेर झिरपून पाय सुजतात. दुसरा गट ग्लोब्युलिनांचा. त्यांतील काही लोहासारखे पदार्थ वाहून नेतात, तर गॅमा ग्लोब्युलिने रोगजंतू व विषे यांच्याशी लढणारी प्रतिपिंडे असतात. तिसरे फायब्रिनोजेन, 100 मिलिलिटरमध्ये अवघे 200 ते 400 मिलिग्रॅम. प्रतिपिंडे सोडली, तर यांतील बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात.

जखम झाली की रक्तातील प्रोथ्रॉम्बिन या प्रथिनापासून थ्रॉम्बिन बनते. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करते. या धाग्यांचे जाळे विणले जाते आणि रापणीत मासळी अडकावी तशा त्यात रक्तपेशी अडकतात. रक्त थांबते.

फुरशाच्या विषात एकारिन नावाचे विकर असते. जखम नसतानाही ते प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करीत सुटते. रक्तात जागोजागी जाळ्याचे बारीक तुकडे बनतात आणि विरघळून जातात. अखेर फायब्रिनोजेनचा साठाच संपतो. मग हिरड्यांतून, जखमेतून रक्त वाहू लागते आणि ते थांबवायला जाळे उरत नाही.

यावरचा उपायही प्लाझ्मातच सापडला. 1894 साली फ्रान्समध्ये काल्मेत या शास्त्रज्ञाने दाखविले, की विष टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. प्रतिविष बनविताना घोड्याला विषाच्या अगदी थोड्या, पण वाढत्या मात्रा देतात. पुढे त्याचे रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करतात. मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर चालते. लोक त्याला लस म्हणतात. पण लस आपल्या शरीराकडून प्रतिपिंडे बनवून घेते, तर येथे ती तयारच मिळतात.

आता या प्लाझ्मातून हवी तेवढीच प्रथिने निवडायची कशी? एक जुनी युक्ती म्हणजे अमोनियम सल्फेट. होय, शेतात खत म्हणून वापरतात तोच क्षार! क्षाराचे कण पाणी आपल्याकडे ओढतात, आणि पाण्याला मुकलेली प्रथिने एकमेकांना चिकटून साका बनून खाली बसतात. मात्र सगळी एकदम नव्हे. द्रावण सुमारे पाव संपृक्त झाले, की फायब्रिनोजेन बसते. अर्धे संपृक्त झाले, की ग्लोब्युलिने. अल्ब्युमिन मात्र पूर्ण संपृक्त होईपर्यंत तग धरते. प्रतिपिंडे ग्लोब्युलिनांत असल्याने तोच साका घेऊन पुढे शुद्ध करतात.

वेगळे केलेले प्रथिन शुद्ध आहे का, हे विजेच्या साहाय्याने पाहता येते. किंचित अल्कधर्मी द्रावणात भिजविलेल्या पट्टीवर प्लाझ्माचा थेंब ठेवून वीजप्रवाह सोडला, की प्रथिने धनाग्राकडे धावू लागतात. अल्ब्युमिन सर्वांच्या पुढे, गॅमा ग्लोब्युलिने सर्वांच्या मागे. वीजप्रवाहाने रक्तातील प्रथिने अशी वेगळी करण्याची पद्धत स्वीडनच्या टिसेलियस यांनी 1937 साली मांडली. त्यांना 1948 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिविष दिल्यावर डॉक्टर सहा तासांनी काचेच्या नळीची चाचणी पुन्हा करतात. इतका वेळ का थांबायचे? प्रतिविष विषाला पकडते, पण संपलेले फायब्रिनोजेन परत आणू शकत नाही. ते यकृतालाच नव्याने बनवावे लागते आणि त्याला तेवढा अवधी लागतो. या वेळी नळीतले रक्त गोठले, तर विषाचा जोर मोडला असे समजतात. नाही गोठले, तर प्रतिविष पुन्हा देतात.

म्हणून साप चावल्यावर जखम कापू नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. रक्त गोठत नसताना केलेला काप वाहतच राहतो, हे आता तुम्हांला कळले आहे. चावलेला हात किंवा पाय न हलविता रोग्याला तडक रुग्णालयात न्या.