खतांतील व मातींतील ह्यूमस : प्रकाशानें परीक्षा

काळें दिसतें तें सर्व ह्यूमस, असें समजून पुष्कळ शेतकरी अर्धेंकच्चें कंपोस्ट रानांत घालतात, आणि पुढें पीक पिवळें पडलें म्हणजे बियाण्यास दोष देतात. कच्चें खत जमिनींत गेलें कीं तें कुजविणारे सूक्ष्म जंतु तेथील नत्र आपल्याकडे ओढतात, व पिकास उपास घडतो. म्हणून खत पक्व झालें कीं नाहीं हें ओळखण्याच्या एका शास्त्रीय रीतीची माहिती आम्ही येथें देतों.

खताचा किंवा मातीचा नमुना कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणांत ठेविला म्हणजे तपकिरी अर्क निघतो. त्यांत आम्ल घातल्यावर जो साका तळीं बसतो तें ह्यूमिक आम्ल. वरच्या पिवळसर पाण्यांत राहतें तें फल्व्हिक आम्ल. अशा अर्कावर डोळ्यांस न दिसणारा जंबुपार प्रकाश सोडला असतां अर्क तो शोषून स्वतः मंद प्रकाश टाकतो. यास प्रतिदीप्ति म्हणतात. त्या प्रकाशाची लहरलांबी नॅनोमीटरांत, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत, मोजतात.

ताज्या खताच्या पाण्यांतील अर्कांत प्रथिनांसारख्या द्रव्यांचा प्रकाश सुमारें ३५० नॅनोमीटरपाशीं आढळतो. खत मुरूं लागलें कीं तो मावळतो व ४२० ते ४८० मधील वाढतो. झोल्नाय व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं यावरून एक निर्देशांक दिला : २५४ नॅनोमीटरचा प्रकाश सोडावा, आणि ४३५ ते ४८० मधील तेजास ३०० ते ३४५ मधील तेजानें भागावें. भागाकार मोठा, तर मुरणेंही अधिक.

मातींतील जुन्या ह्यूमिक आम्लाचा प्रकाश बहुधा आणखी लांब लहरींकडे सरकलेला व क्षीण असतो. कारण त्याची घडण अधिक गुंतागुंतीची असते. खताच्या आम्लांत नत्र व साध्या साखळ्या जास्त असतात. म्हणजे उत्तम कंपोस्ट हेंही मातीचें ह्यूमस नव्हे. तें त्याच्या वाटेवर आहे इतकेंच.

मात्र अर्क दाट असल्यास किंवा त्यांत लोह असल्यास प्रकाश मंदावतो, म्हणून तो पातळ करून मोजावा लागतो. शिवाय, ह्यूमिक आम्ल हें मातींत जसेंच्या तसें नसून सोड्याच्या क्रियेनें बनतें, असा आक्षेप लेमन व क्लेबर यांनीं २०१५ सालीं घेतला आहे.

हें यंत्र प्रयोगशाळेचें. गांवीं तें मिळणार नाहीं. परंतु यंत्र जें दाखवितें त्याचीं कांहीं चिन्हें शेतकऱ्यासही दिसतात. ढीग चाळवून पुन्हा तापला नाहीं, नवसागरासारखा उग्र दर्प गेला, आणि काडी-पाचोळा ओळखूं येईनासा झाला, तर खत रानांत न्यावें. इंदुरास हॉवर्ड व वाड यांनीं बसविलेल्या पद्धतींत यास सुमारें तीन महिने लागत. तेवढा धीर धरावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.