जॅझ ड्रमरच्या हातातून रक्त येत असेल, तर त्याचं काहीतरी चुकतंय! स्टिक आणि ब्रशचं खरं तंत्र काय असतं?

२०१४ साली 'व्हिपलॅश' नावाचा हॉलिवूडचा सिनेमा आला आणि ज्यांनी आयुष्यात कधी जॅझ ऐकलं नव्हतं, त्यांनाही जॅझ ड्रमिंग म्हणजे काय हे कळल्यासारखं वाटलं. तो अँड्र्यू नावाचा पोरगा, त्याच्यावर खेकसणारा फ्लेचर सर, ड्रमवर उडणारं रक्त, बर्फाच्या पाण्यात बुडवलेली मूठ. या सीनचे रील्स आजही फिरतात. खाली कमेंट ठरलेली असते, 'मेहनत असावी तर अशी'.

पण ड्रम शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. विद्यार्थ्याच्या हातातून रक्त यायला लागलं, तर तो आधी त्याला थांबवेल. कारण त्याचा अर्थ मेहनत जास्त झाली असा नसतो, स्टिक चुकीची धरली आहे असा असतो.

याच सिनेमात एक किस्सा परत परत येतो. चार्ली पार्कर तरुण असताना चुकीचं वाजवत होता, म्हणून जो जोन्स या ड्रमरने त्याच्या डोक्याच्या दिशेने सिंबल म्हणजे पितळी झांज भिरकावली, त्याचं मुंडकं उडता उडता वाचलं, आणि त्या अपमानातून महान पार्कर घडला, असं फ्लेचर सांगतो.

खरा किस्सा काय आहे?

साल होतं १९३६ च्या आसपासचं, गाव अमेरिकेतलं कॅन्सस सिटी. रेनो क्लबमध्ये रात्री उशिरा कलाकार जमून वाजवायचे. तिथे १५-१६ वर्षांचा पार्कर सॅक्सोफोन घेऊन चढला आणि मध्येच भरकटला. जो जोन्सने सिंबल काढली आणि जमिनीवर टाकली. मोठा आवाज झाला, लोक हसले, पार्कर उतरला. बास वाजवणाऱ्या जीन रेमी यांनी पुढे हा प्रसंग सांगितला आहे. अपमान झाला हे खरं, पण डोक्यावर नेम धरून कुणी काही फेकलं नव्हतं.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. सिनेमाने ज्याला हिंसक गुरूचं उदाहरण केलं, तो जो जोन्स जॅझच्या इतिहासात ओळखला जातो तो हलक्या हातासाठी. काउंट बेसीच्या बँडमध्ये त्याने ड्रम वाजवायची पद्धतच बदलून टाकली. आणि ब्रश वाजवण्यात तर तो उस्ताद मानला जातो.

म्हणूनच जॅझ ड्रमिंग समजून घ्यायचं तर जोरापासून नाही, हलक्या हातापासून सुरुवात करावी लागते.

स्टिक धरायची नसते, सांभाळायची असते

ड्रमवर स्टिक पडली की ती चेंडूसारखी उसळते. शिकणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे ती उसळी मारून न टाकणं.

अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये स्टिकचा एक टेकू तयार होतो. उरलेली तीन बोटं स्टिकला नुसती लागून असतात. फटका पडला, स्टिक वर आली, बोटांनी तिला पुन्हा ढकललं, की दुसरा फटका जवळपास फुकटात मिळतो. मूठ आवळली की ही उसळी संपते, प्रत्येक फटका मनगटाच्या ताकदीने मारावा लागतो आणि तो धक्का उलटा हातातच येतो. मग फोड येतात, स्नायू भरून येतात आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर मनगटाचं दुखणं कायमचं मागे लागतं. अनेकांना त्यापायी वाजवणं थांबवावं लागतं.

जॅझ ड्रमर डावी स्टिक उलट्या हाताने धरताना दिसतात. तळहात वरच्या बाजूला आणि स्टिक अंगठ्याच्या बेचक्यात. याला ट्रॅडिशनल ग्रिप म्हणतात. ही पद्धत सैनिकी बँडमधून आली. तिथे ड्रम पट्ट्याने गळ्यात अडकवलेला असायचा आणि चालताना तो एका बाजूला कलायचा. कललेल्या ड्रमवर डावा हात सरळ पडत नसे, म्हणून तो उलटा झाला. आता ड्रम स्टँडवर आले, पण ब्रश वाजवताना ही पकड अनेकांना सोयीची वाटते म्हणून ती टिकली. दोन्ही हात सारखे धरूनही उत्तम जॅझ वाजवता येतं.

हात तयार करण्यासाठी 'रुडिमेंट' असतात. तबल्याच्या विद्यार्थ्याला जसे कायदे आणि पलटे, तसेच हे. उदाहरणार्थ पॅराडिडल : उजवा-डावा-उजवा-उजवा, मग डावा-उजवा-डावा-डावा. १९३३ साली अमेरिकेतल्या ड्रमरांच्या एका संघटनेने त्यांची प्रमाण यादी करायला घेतली. पुढे ती यादी २६ ची झाली आणि १९८४ मध्ये ४० ची. जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचं १९३५ चं 'स्टिक कंट्रोल' हे पुस्तक आजही जगभरच्या क्लासमध्ये वापरलं जातं, आणि त्यात जवळपास एवढंच आहे : उजवा, डावा, आणि ते किती तऱ्हांनी जोडता येतात.

टिंग, टिंग-ट, टिंग, टिंग-ट

रॉकमध्ये गाण्याचा कणा खालचा मोठा ड्रम आणि स्नेअर असतो. जॅझमध्ये हा कणा उजव्या बाजूच्या राइड सिंबलवर असतो.

चार मात्रा मोजा. पहिलीवर एक टिंग. दुसरीवर टिंग आणि तिच्या शेपटाला एक छोटा 'ट'. तिसरीवर टिंग. चौथीवर पुन्हा टिंग आणि 'ट'. हे चक्र सुरूच राहतं.

खरी मेख आहे ती त्या छोट्या 'ट' मध्ये. तो दोन मात्रांच्या बरोबर मध्ये पडत नाही. एका मात्रेचे तीन भाग केले, तर तो तिसऱ्या भागावर पडतो, मधला भाग रिकामा राहतो. आपल्याकडे तिस्र जाती माहीत असणाऱ्याला हे लगेच कळेल. या रिकाम्या जागेमुळेच संगीत झुलतं, आणि या झुलण्यालाच स्विंग म्हणतात. लय खूप वाढली की तीन भागांचा हिशोब सैल होतो आणि 'ट' जवळजवळ मध्यावर सरकतो. तो नेमका किती सरकवायचा, हे कागदावर लिहिता येत नाही, ऐकूनच कानात बसतं.

डाव्या पायाने हाय-हॅट म्हणजे झांजांची जोडी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटवायची : चिक. उजव्या पायाने मोठा ड्रम चारही मात्रांना वाजवायचा, पण इतका हळू की प्रेक्षकांना तो ऐकू न येता नुसता जाणवावा. आणि डावा हात मोकळा ठेवायचा, कारण त्याचं काम गप्पा मारण्याचं असतं. सॅक्सोफोनवाला काही बोलला की डाव्या हाताने स्नेअरवर हुंकार द्यायचा.

ही वाटणी पूर्वीपासून अशी नव्हती. सुरुवातीचे ड्रमर मोठ्या ड्रमवर ठोके देत. १९३० च्या दशकात जो जोन्सने तो भार हाय-हॅटवर नेला. १९४० च्या सुमारास केनी क्लार्क याने तो राइड सिंबलवर नेला आणि डावा हात आणि उजवा पाय मोकळे केले. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊसमध्ये बीबॉप नावाची जी नवी शैली घडली, तिच्या मागे ही वाटणी आहे.

चार हातापायांनी चार कामं एकाच वेळी कशी करायची? तबलजी जे करतो तेच : आधी तोंडाने म्हणायचं. टिंग, टिंग-ट हे तोंडात पक्कं बसलं की हात मागून येतात. मग एकावर एक थर चढवायचे. आधी नुसती राइड, मग डावा पाय, मग उजवा आणि सगळ्यात शेवटी डावा हात.

माशा मारायच्या फणीचं वाद्य झालं

आता ब्रशकडे येऊया. एका मुठीतून बारीक तारांचा पंखा बाहेर येतो, तो जॅझचा ब्रश.

त्याची जन्मकथा मजेशीर आहे. १९१२ मध्ये लुई ॲलिस आणि ॲडॉल्फ वीन्स या दोन अमेरिकनांनी एका वस्तूच्या पेटंटसाठी अर्ज केला. ती वस्तू होती माशा मारायची फणी. हँडलमधून तारांचा पंखा बाहेर काढायचा, माशी मारायची, तारा परत आत ढकलायच्या. पण गंमत म्हणजे ही वस्तू ड्रमरांनी उचलली आणि १९२० च्या दशकात ती ड्रमसाठी म्हणूनच विकली जाऊ लागली.

ड्रमरांना तिची गरज का पडली? कारण त्यांचा आवाज कुणालाच झेपत नव्हता. छोटे क्लब, हॉटेलातले डायनिंग हॉल, सगळीकडे तक्रार एकच. रेकॉर्डिंगच्या खोलीत तर सुरुवातीला माइकच नव्हता, मोठ्या कर्ण्यातून आवाज थेट सुईपर्यंत जायचा. ड्रमचा जोराचा ठोका पडला की सुई उडायची, म्हणून ड्रमरला अर्धे ड्रम बाहेर ठेवायला लावत. हळू वाजवता येणं ही आवडीची बाब नव्हती, कामावर राहायचं तर ते यावंच लागत होतं.

स्टिक ठिपका काढते, ब्रश रेघ ओढतो

स्टिकचा आवाज पडला की संपला. ब्रश मात्र ड्रमच्या कातड्यावर घासत नेला की आवाज लांबतो. सकाळी अंगणात खराटा फिरतो तसा, पण लयीत. ड्रमवर लांबणारा स्वर काढायचा हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कठीण मार्ग आहे.

मूळ पद्धत अशी. डावा ब्रश स्नेअरवर टेकवून ठेवायचा आणि गोल फिरवायचा. तो उचलायचा नाही. उजवा ब्रश त्याच स्नेअरवर टिंग, टिंग-ट हा नेहमीचा ठेका वाजवतो, फक्त इथे तो टप, टप-ट असा ऐकू येतो. दोन्ही हात एकाच ड्रमवर असल्यामुळे एकमेकांना आपटू नयेत म्हणून रस्ते ठरवावे लागतात.

संथ गाण्यात डावा हात साधारण एका मात्रेला एक गोल पुरा करतो, मध्य लयीत दोन मात्रांना एक. नवशिक्याची चूक ठरलेली असते : गोल सारख्याच दाबाने फिरत राहतो आणि फक्त खरखर ऐकू येते. गोलाच्या ज्या जागी मात्रा येते, तिथे किंचित दाब आणि किंचित वेग वाढवायचा असतो. मग त्या घासण्यालाही मात्रा येते आणि डावा हात एकटाच लय सांगू लागतो.

मिनिटाला ६० मात्रांच्या गाण्यात दोन मात्रांमध्ये पूर्ण एक सेकंद असतो. स्टिक असेल तर त्या सेकंदात शांतता असते. ब्रश असेल तर तो सेकंद तुम्ही काढलेल्या आवाजाने भरलेला असतो, म्हणजे हात जरा अडखळला तरी सगळ्यांना ऐकू जातं. जोरात वाजवताना ज्या चुका दडतात, त्या ब्रशवर उघड्या पडतात. ड्रमरची लय खरंच पक्की आहे का, हे म्हणूनच संथ गाण्यात ब्रश हातात असताना कळतं.

एक व्यावहारिक गोष्ट. ब्रशसाठी स्नेअरचं कातडं खरखरीत, म्हणजे पांढरा थर दिलेलं लागतं. गुळगुळीत पारदर्शक कातड्यावर तारा नुसत्या घसरतात.

फ्लॅटमध्ये राहून शिकता येतं का?

येतं, आणि ब्रशसाठी तर ड्रमही लागत नाही. टेबलावर सपाट पुठ्ठा किंवा पिझ्झाचा रिकामा बॉक्स ठेवा, ब्रशचा आवाज छान येतो. शेजारी तक्रारही करणार नाहीत.

रोजच्या अर्ध्या तासाची वाटणी अशी करता येईल :

- पहिली दहा मिनिटं प्रॅक्टिस पॅडवर स्टिकने एकेरी, दुहेरी फटके आणि पॅराडिडल. हळू, आणि दोन्ही स्टिक सारख्या उंचीवरून.
- पुढची दहा मिनिटं तोंडाने म्हणत राइडचा ठेका. मोबाइलवरचा मेट्रोनोम ६० वर लावा, पण तो ठोका पहिल्या मात्रेचा न धरता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा धरा. लय आपोआप १२० होते, आणि पहिली मात्रा स्वतःची स्वतः सांभाळावी लागते.
- शेवटची दहा मिनिटं पुठ्ठ्यावर ब्रश. आधी नुसता डावा गोल, मग उजवा हात.

कुठेही दुखलं तर थांबायचं. वेग वाढवण्यासाठी जोर लावावा लागत असेल, तर तो वेग अजून आलेला नाही.

आपल्याकडचं जॅझ

हे सगळं दूर अमेरिकेतलं वाटत असलं, तरी मुंबईला ते परकं नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आफ्रिकन-अमेरिकन कलाकारांचे बँड वाजत होते. त्यांच्याकडून गोव्याचे वादक शिकले आणि पुढे तेच हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'त जो स्विंग आणला, त्यामागे चिक चॉकलेट या नावाने ओळखला जाणारा गोव्याचा ट्रम्पेटवादक होता. १९७८ मध्ये मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला. आणि ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे मुंबईत जन्मलेले चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबला आणि ड्रम एकत्र करून जगभरच्या जॅझ मंचांवर पोचले.

ऐकायचं काय?

तंत्र हाताने शिकलं तरी कळतं कानाने. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधलं 'ब्लू इन ग्रीन' लावा आणि फक्त जिमी कॉबच्या ब्रशकडे लक्ष द्या. मग ऑस्कर पीटरसन ट्रिओचा १९६४ चा 'वी गेट रिक्वेस्ट्स' ऐका, त्यात एड थिगपेन आहेत, ज्यांनी पुढे ब्रशवर पुस्तकच लिहिलं. आणि जो जोन्सचा १९७३ चा 'द ड्रम्स' मिळाला तर सोडू नका, त्यात तो स्वतः बोलत बोलत वाजवून दाखवतो.

इअरफोन लावूनच ऐका. फोनच्या स्पीकरवर ब्रश ऐकूच येत नाही.