सेकंडहँड प्लग-इन हायब्रिड घेताय? आधी हे सहा गैरसमज दूर करा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत दुसऱ्या गाडीचा विषय निघाला की हल्ली प्लग-इन हायब्रिडचं नाव येतंच. टोयोटा रॅव्ह-४ प्राइम, मित्सुबिशी आउटलँडर यांसारख्या क्रॉसओव्हर गाड्या आता सेकंडहँड बाजारात सहज दिसतात. रोजचं ऑफिस विजेवर आणि लांबचा प्रवास पेट्रोलवर, ही सोय खरी आहे. पण या गाड्यांबद्दल खरीखोटी माहितीही तितकीच फिरते. घामाचा पैसा ऐकीव गोष्टींवर लावू नये, म्हणून नेहमीचे सहा समज इथे तपासले आहेत.

गैरसमज १ : इंजिन आणि मोटर दोन्ही, म्हणजे बिघाडही दुप्पट.

वस्तुस्थिती : या समजाला थोडा आधार आहे. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत प्लग-इन हायब्रिडमध्ये पेट्रोल गाड्यांपेक्षा १४६ टक्के जास्त तक्रारी आढळल्या. पुढच्या वर्षी हा फरक ७० टक्क्यांवर आला. पण २०२३ च्या त्याच पाहणीत साध्या हायब्रिड गाड्यांच्या तक्रारी पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी निघाल्या, आणि इंजिन-मोटर दोन्ही त्यांच्यातही असतात. म्हणजे नुसत्या दोन यंत्रणा असण्याने गाडी बिघडत नाही; ती जोडणी कोणी आणि किती मुरलेल्या अनुभवातून केली, यावर सगळं अवलंबून असतं. रॅव्ह-४ प्राइममध्ये वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. आउटलँडरमध्ये पायरीपायरीने बदलणारे गिअरच नाहीत. बिघडू शकणारे काही भाग इथे मुळातच कमी झाले आहेत. तेव्हा सरासरी आकड्याला घाबरू नका, ठरावीक मॉडेल आणि ठरावीक वर्ष बघा.

गैरसमज २ : डॅशबोर्डवर दिसणारी रेंज म्हणजे बॅटरीची तब्येत.

वस्तुस्थिती : तो आकडा म्हणजे गाडीने बांधलेला अंदाज असतो. आधीच्या मालकाची चालवण्याची पद्धत, हवामान, हीटर यांवर तो वरखाली होतो. त्यामुळे परीक्षा स्वतः घ्या. विक्रेत्याला आदल्या रात्री गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा. सौम्य हवेच्या दिवशी हीटर आणि एसी बंद ठेवून, विजेवर चालण्याच्या मोडमध्ये गाडी बाहेर काढा. बेताच्या वेगाने चालवा आणि बॅटरी संपून इंजिन सुरू होईल त्या क्षणी मैल टिपून घ्या. मग हा आकडा त्या मॉडेलच्या सरकारी रेंजशी ताडून बघा. रॅव्ह-४ प्राइमची ती ४२ मैल आहे. आउटलँडरचं वर्ष मात्र नीट बघा : २०१८ च्या गाडीत १२ किलोवॉट-तासांची बॅटरी आणि २२ मैल, तर २०२३ च्या गाडीत २० किलोवॉट-तासांची बॅटरी आणि ३८ मैल. नाव एकच असलं तरी गाड्या वेगळ्या. शक्य असेल तर ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं छोटं उपकरण, लावून बॅटरीची शिल्लक क्षमताही वाचून घ्या. चार्जिंगच्या खाचेतल्या पिना उजेडात पाहा. त्या काळवंडलेल्या किंवा कडा वितळलेल्या दिसल्या, तर तिथे उष्णता झाली आहे असं समजा.

गैरसमज ३ : मैल कमी, म्हणजे गाडी उत्तम.

वस्तुस्थिती : ओडोमीटर एकूण मैल सांगतो, इंजिन किती चाललं ते सांगत नाही. दहा हजार मैलांची गाडी महिनोन्महिने उभी राहिलेली असू शकते. अशा गाडीत पेट्रोल जुनं होतं आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरते. ही छोटी बॅटरी मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. ब्रेक लावताना बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे ब्रेकच्या डिस्क कमी घासल्या जातात आणि गंजतात. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या न्यू जर्सी, मिशिगनसारख्या राज्यांतली गाडी असेल तर लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय घेऊ नका. ऑइल आणि कूलंट मैलांप्रमाणे नव्हे, तर मुदतीप्रमाणे बदलल्याच्या पावत्या मागा.

गैरसमज ४ : बॅटरीची वॉरंटी आहे, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तिथपर्यंत वॉरंटी देतात. रॅव्ह-४ प्राइमला १० वर्षं किंवा दीड लाख मैल आहेत. पण ही मुदत पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या खरेदीपासून नाही. शिवाय प्रत्येक वॉरंटी दुसऱ्या मालकाकडे जशीच्या तशी येत नाही. ह्युंदाई आणि किया यांची पॉवरट्रेनची १० वर्षांची प्रसिद्ध वॉरंटी पहिल्या मालकापुरती असते. कंपनीने प्रमाणित केलेली सेकंडहँड गाडी घेतली तरच तिचा लाभ पुढे मिळतो. कोणतीही गाडी घेताना हे लेखी विचारा.

गैरसमज ५ : रिकॉल असता तर डीलरने सांगितलंच असतं.

वस्तुस्थिती : रिकॉलचं काम बाकी असलेली जुनी गाडी विकायला अमेरिकेत केंद्रीय कायद्याची बंदी नाही. २०२४ मध्ये जीपने आगीच्या धोक्यामुळे रँग्लर आणि ग्रँड चेरोकीच्या सुमारे १ लाख ५४ हजार प्लग-इन गाड्या परत बोलावल्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या चार्ज करू नका, इमारतींपासून दूर उभ्या करा, असं मालकांना सांगितलं. गाडीचा १७ अंकी-अक्षरी व्हीआयएन अमेरिकेच्या केंद्रीय रस्ते सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकला की बाकी रिकॉल फुकट कळतात. रिकॉलची दुरुस्तीही सहसा मोफत असते. तेव्हा नुसता रिकॉल निघाला म्हणून गाडी नाकारू नका. काम पूर्ण झालं नसेल तर मात्र थांबा.

गैरसमज ६ : चार्ज नाही केली, तरी पेट्रोल वाचतंच.

वस्तुस्थिती : चार्ज न केलेली प्लग-इन म्हणजे जड बॅटरी वाहणारी साधी हायब्रिड. बॅटरी रिकामी असताना रॅव्ह-४ प्राइम गॅलनला ३८ मैल देते. साधी रॅव्ह-४ हायब्रिड ४० देते. अपार्टमेंटमध्ये राहत असाल आणि पार्किंगजवळ साधं सॉकेटही नसेल, तर साधी हायब्रिडच घ्या. तसंच, सेकंडहँड प्लग-इनवर मिळणारी ४,००० डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली आहे. तिच्या हिशेबाने बजेट मांडू नका.

सार एवढंच की प्लग-इन हायब्रिड चांगली की वाईट, या प्रश्नाला एक उत्तर नाही. समोर उभी असलेली गाडी कशी आहे, हा प्रश्न विचारा. व्हीआयएन तपासा, पावत्या वाचा, पूर्ण चार्जवर चालवून पाहा आणि हायब्रिडचं काम जाणणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. आणि जो विक्रेता पूर्ण चार्ज केलेली गाडी चालवून बघू देत नाही किंवा लिफ्टवर चढवू देत नाही, त्याची गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.