दुखणे परतले, तरी घाई नको

आमच्या चाळीतले एक काका एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. काही वर्षांपूर्वी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी कर्करोगामुळे काढावी लागली. मध्यंतरी रक्ताच्या तपासणीत पीएसए ०.३ आला. थोरला मुलगा म्हणाला, "घर गहाण टाकू, पण महागातले महाग औषध आणू." काकू रडू लागल्या. काकांना मात्र कोणीच काही विचारले नाही. शेवटी कागदांची पिशवी घेऊन ते माझ्याकडे आले.

मी पडलो कारकून. पण डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत गेलो आणि सारे वहीत उतरवून घेतले. ते वाचकांच्याही उपयोगी पडावे.

ग्रंथी काढल्यानंतर पीएसए ०.२ किंवा जास्त, असा लागोपाठ दोनदा आला तर आजार परतला असे धरतात. म्हणून आधी तपासणी पुन्हा करावी. आकडा किती महिन्यांत दुप्पट होतो, तेही पाहावे. वर्षाहून अधिक काळ लागत असेल आणि माणूस वयस्क असेल, तर दर काही महिन्यांनी तपासत थांबताही येते. काही महिन्यांतच दुप्पट झाला, तर थांबू नये.

रोग जुन्या जागीच असेल, तर किरणोपचाराने तो समूळ जाण्याची आशा असते. आकडा ०.५ च्या आत असतानाच किरणे घेतलेली बरी. मात्र लघवी-शौचाचा त्रास होऊ शकतो.

रोग पसरला असेल, तर पुरुषी संप्रेरक रोखतात. हा मार्ग डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवला. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. यासाठी ठराविक महिन्यांनी इंजेक्शन घ्यावे लागते किंवा एकदाच शस्त्रक्रिया करून दोन्ही वृषण काढतात. शस्त्रक्रिया स्वस्त, पण कायमची. दोन्हींत अंगातून वाफा येतात, हाडे ठिसूळ होतात, कामेच्छा मावळते. रोग दबतो, पण एवढ्यानेच समूळ जात नाही. पुरुष लाजेपोटी हे विचारत नाहीत. नवरा-बायकोने मिळून विचारावे.

घर विकण्याआधी रेशनकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

काकांचा दुसरा आकडा ०.४ आला. रोग पसरल्याची खूण नव्हती. ते मुलाला म्हणाले, "बाळा, दुखणं माझं आहे. मी किरणं घेणार. तू फक्त सोबत ये."

मुलगा आता रोज सोबत जातो. घरही शाबूत आहे.