घोड्याच्या तोंडावरची पाखर

'मायेची पाखर' हे शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी आहेत. पक्षीण पिलांवर पंख पसरते ती पाखर, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. परंतु जुना शब्दकोश उघडला तर त्याच शब्दाखाली दुसराही अर्थ सापडतो: लढाईतल्या घोड्याचे किंवा हत्तीचे चिलखत. या चिलखताच्या एका लहानशा भागाविषयी, म्हणजे घोड्याच्या मुखावर बांधावयाच्या लोखंडी पत्र्याविषयी, आम्ही येथे लिहीत आहोत. पनवेलकरांना हा विषय परदेशचा वाटेल. पण त्याचा धागा खोपोलीपलीकडच्या उंबरखिंडीपर्यंत येतो.

युरोपात या पत्र्याला शॅफ्रॉन म्हणत. इ. स. १४०० च्या सुमारास घडवलेला, घोड्याचे जवळजवळ सगळे डोके झाकणारा एक शॅफ्रॉन इंग्लंडातील लीड्स येथे रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. असा पत्रा घडवणे हे माणसाचा टोप घडवण्याहून अवघड काम. माणूस नाक चोंदले तर तोंडाने श्वास घेतो. घोड्याला ती सोय नाही, त्याचा सारा श्वास नाकपुड्यांतून. तेव्हा पत्रा नाकाशी एक तर आखूड ठेवावा लागे, नाहीतर फुगवून बाहेर काढावा लागे. डोळ्यांची गोष्ट याहून नाजूक. घोड्याचे डोळे दोन बाजूंना असल्यामुळे त्याला मागचेही पुष्कळ दिसते. डोळ्याभोवती पत्र्याची वाटी उभी केली की बाण चुकतो खरा, पण नजरही तेवढी आखडते. स्पर्धेच्या झुंजींसाठी तर काही शॅफ्रॉन डोळे संपूर्ण झाकणारे केले जात, म्हणजे समोरचा भाला पाहून घोडा बिचकू नये! स्वाराला आपला टोप काढून ठेवता येतो. घोड्याला कोण विचारतो?

एवढा खटाटोप करण्याचे कारण साधे होते. घोड्याचे लांब तोंड स्वाराच्या पुढे असते आणि समोरून आलेला बाण किंवा भाला प्रथम तेथेच बसतो. घोडा कोसळला की चिलखतातला सरदार जमिनीवर आला, आणि मग त्याची धडगत नसे.

आपल्या देशातही ही वस्तू होती. अबुल फजलाने आइन-इ-अकबरीत अकबराच्या शस्त्रागाराची यादी दिली आहे, तीत घोड्याच्या मस्तकावरच्या पत्र्याला 'कश्का' आणि मानेवरच्या आवरणाला 'गर्दनी' अशी नावे आहेत. मेवाडात घोड्याच्या तोंडाला खोटी सोंड बांधीत, म्हणजे शत्रूचा हत्ती त्याला हत्तीचे पिलू समजून सोडून देई, अशी कथा चेतकाच्या संदर्भात सांगतात. हत्ती इतका भोळा असेल का, याविषयी आम्हाला शंका आहे. पण कथा गोड आहे.

दख्खनच्या सुलतानांना चांगला घोडा समुद्रापलीकडून आणावा लागे. चौल, दाभोळ, गोवे या बंदरांत अरबस्तान-इराणचे घोडे उतरत. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलास उतरला, तोही विकण्यासाठी एक घोडा घेऊन. आणि जुन्नरच्या खानाने तो घोडा हिसकावून घेतला. पुढे मोठ्या मिनतवारीने तो परत मिळाला. जनावर एवढे मोलाचे असेल तर मालक त्याला लोखंडाने मढवणारच.

मराठ्यांनी मात्र घोडा उघडा ठेवला. हे दारिद्र्य नव्हे, हिशेब होता. १६६१ च्या फेब्रुवारीत शाइस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान घाट उतरून कोकणात येऊ लागला, तेव्हा शिवाजीमहाराजांनी त्याला उंबरखिंडीत कोंडले. पुढची वाट बंद, मागची बंद, दाट रान, पाणी नाही. रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि खंडणी भरून सुटला. अशा मुलखात घोड्याला कपाळावर लोखंड असून काय उपयोग? त्याला हवे पाणी, हवा घट्ट नाल, आणि वळायला मोकळी मान.

सभासदाची बखर वाचावी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, असा पागेचा बंदोबस्त तीत दिला आहे. राज्याचा पैसा घोड्याच्या तोंडावर नव्हे, त्याच्या खुरांवर आणि तहानेवर खर्च होत होता. शिलेदाराचा घोडा तर त्याच्या स्वतःच्या मालकीचा. तो मेला की घरची चाकरीच गेली. तरीही त्याने वजन नाकारले, कारण बाण चुकवायचा तो वेगाने.

पाखर नव्हती म्हणून काळजी नव्हती असे मात्र कोणी समजू नये. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, ही त्यातली आज्ञा सर्वांना माहीत असते. घोड्यांविषयीचा मजकूर फारसा कोणी सांगत नाही. दाणा-वैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल, हे त्यात बजावले आहे. पुढे तर रात्री दिवा तसाच जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी जातील, इतक्या बारकाव्याने लिहिले आहे.